शाल-श्रीफळाचा खर्च आणि वक्त्याची बिदागी

व्यापाऱ्याच्या खातेवहीत ज्या रकमेस 'देणे' म्हणतात, तिला समारंभाच्या वहीत 'सन्मान' असे नाव दिल्याने ती फिटत नाही. हे तत्त्व पेठेतील लहानात लहान दुकानदारास ठाऊक असते. परंतु तोच दुकानदार गावच्या वाचनमंदिराच्या किंवा कलामंदिराच्या कार्यकारी मंडळावर निवडून आला म्हणजे त्यास या तत्त्वाचा विसर पडावा, हे नवल होय. तालुक्याच्या गावोगावी आज वाचनमंदिरे, कलादालने आणि सांस्कृतिक भवने उभी आहेत. तेथे व्याख्यानमाला होतात, कवी आपल्या कविता वाचतात, कादंबरीकार आपल्या लेखनाविषयी बोलतात, चित्रकार प्रात्यक्षिक करून दाखवितात. लग्नाच्या हंगामाखेरीज कुलूप लागून राहणाऱ्या सभागृहांपेक्षा ही स्थिती शतपटीने बरी, यात संशय नाही. परंतु या कार्यक्रमांची जी रीत पडत चालली आहे, तीत दोन पक्षकारांवर उघड अन्याय होत आहे. एक बोलावून आणलेला लेखक वा कलावंत, आणि दुसरा ऐकावयास आलेला श्रोता. दोघांचीही फिर्याद एकाच ठिकाणी दाखल होते. ते ठिकाण म्हणजे सत्काराचे टेबल.

अशा कार्यक्रमाचा क्रम आमच्या वाचकांस पाठ झालेला असेल. निमंत्रणपत्रिकेवर सायंकाळी सहाची वेळ असते. प्रथम दीपप्रज्वलन, मग प्रतिमापूजन, मग स्वागतगीत. त्यानंतर प्रास्ताविक, अध्यक्षांचा परिचय, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, देणगीदारांचा सत्कार, आणि सत्कार झालेल्यांचे 'दोन शब्द', जे दोनावर कधीच थांबत नाहीत. वक्ता उभा राहतो तेव्हा निम्मी वेळ संपलेली असते आणि मागच्या रांगांतील बायाबापड्यांस घरच्या स्वयंपाकाची काळजी लागलेली असते. तो रंगात येतो न येतो तोच त्याच्या पुढ्यात वेळेची चिठ्ठी सरकते. 'वेळेअभावी प्रश्नोत्तरे होणार नाहीत' असे जाहीर होते आणि लगेच लांबलचक आभारप्रदर्शन सुरू होते. म्हणजे आभारास वेळ आहे, प्रश्नास नाही! खर्चाचा हिशेब पाहावा तर तोही याच वळणाचा. मंडपाची सजावट, फ्लेक्स, हार, शाली, स्मृतिचिन्हे, मान्यवरांचे भोजन या सर्वांस पैसा मिळतो. ज्याच्या नावावर लोक जमले त्याच्या हाती मात्र प्रवासखर्चाचे पाकीट पडते, आणि पुष्कळदा तेही मागितल्यावर.

या संस्था अशासाठी निघाल्या नव्हत्या. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मध्ये, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये स्थापन झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया १८७५ मध्ये घातला. शाळा सुटलेल्या प्रौढ माणसासही शिकण्याचे एक ठिकाण असावे, आणि तेथे त्याने नुसते ऐकू नये तर विचारही करावा, हीच अशा संस्थांची खरी मिळकत होय. त्या मिळकतीचे आपण विश्वस्त आहोत. विश्वस्ताने मिळकतीचे उत्पन्न स्वतःच्या हारतुऱ्यांत खर्च केले, तर त्यास कायद्याच्या भाषेत काय म्हणतात, हे आम्ही येथे सांगत नाही.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा की, विद्या ही विकण्याची वस्तू नव्हे. लेखकाने मानधन मागणे म्हणजे सरस्वतीचा बाजार मांडणे होय. हा आक्षेप घेणारांनी आपल्या परंपरेकडे नीट पाहिलेले नाही. कीर्तनकारास बिदागी देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. आरतीच्या ताटात नाणे टाकल्यावाचून सहसा कोणी उठत नसे, आणि त्यामुळे कीर्तन बाटले असे कोणास वाटले नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे करून रामायण-महाभारतातील कथा गात आणि सांगत आले. आज ज्यास आपण कलावंताचे सप्रयोग व्याख्यान म्हणतो, त्याचाच हा देशी अवतार. या कलेस सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, आणि तीच परंपरा चालविणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कला आश्रयावर जगते, नुसत्या टाळ्यांवर जगत नाही.

परदेशचा दाखला हवा असेल तर चार्ल्स डिकन्स याने १८५८ पासून आपल्या कथांचे जाहीर वाचन मोबदला घेऊन केले. त्यामुळे त्याची कीर्ती घटली नाही, वाढलीच. उलट पक्षी, ऑक्सफर्डच्या साहित्य महोत्सवात लेखकांस मानधन मिळत नाही म्हणून फिलिप पुलमन यांनी जानेवारी २०१६ मध्ये त्या महोत्सवाच्या आश्रयदातेपदाचा राजीनामा दिला. त्यांचे म्हणणे सरळ होते: मंडप उभारणारास व जेवण पुरविणारास पैसे मिळतात, मग ज्याच्यासाठी लोक येतात त्यासच ते का मिळू नयेत? आणि कायद्याचेच बोलावयाचे तर आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे २५ वे कलम सांगते की, काही अपवाद सोडले तर मोबदल्यावाचून केलेला करार रद्दबातल असतो. शाल हा मोबदला असेल तर मंडपवाल्याचे बिलही शालीनेच भागवावे. पाहू तो काय म्हणतो ते!

दुसरा आक्षेप पैशाचा. 'संस्था गरीब आहे. मानधन कोठून द्यावे?' महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांस १९६७ च्या कायद्यान्वये अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळते. त्यात सेवकांचे वेतन आणि ग्रंथखरेदी यांचीच ओढाताण असते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आम्ही नवा पैसा मागत नाही. आहे तोच पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळता करा, एवढेच सांगतो. समजा, एका कार्यक्रमात दहा जणांस शाल व स्मृतिचिन्ह दिले. त्या दहांपैकी नऊ जण गावचेच असतात, आणि त्यांच्या कपाटांत अशा शाली घडीही न मोडता पडून असतात. त्या नऊंचा खर्च वाचवा, आणि दहाव्याच्या, म्हणजे वक्त्याच्या हाती ती रक्कम उघडपणे, पावती घेऊन द्या. देणगीदाराचे नाव छापील पत्रिकेवर घाला. खऱ्या दात्यास तेवढे पुरते. ज्यास व्यासपीठावरील खुर्चीवाचून दान देववत नाही, तो दान देत नसून जाहिरात विकत घेतो. मग तिचा दर तरी नीट लावावा.

तिसरा आक्षेप असा की, प्रश्न विचारू दिल्यास गोंधळ होतो, आणि एखादा श्रोता प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचेच व्याख्यान झोडतो. हे खरे आहे. परंतु उलटतपासात वकील भरकटतात म्हणून कोणी उलटतपासच बंद केलेला नाही. त्यास आवर घालण्यासाठी न्यायाधीश बसविलेला असतो. अध्यक्षाचे खरे काम तेच आहे. वक्त्याच्या आधी त्याचे निम्मे विषय बोलून टाकणे हे त्याचे काम नव्हे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, पहिले प्रश्न विद्यार्थ्यांचे व स्त्रियांचे घ्यावेत, आणि एका माणसास एकच प्रश्न असावा; म्हणजे गोंधळ आपोआप टळेल. मोठ्या माणसास नम्रपणे पण निर्भयपणे प्रश्न विचारण्याची सवय जेथे लागत नाही, तेथील नागरिक नगरपालिकेसही प्रश्न विचारीत नाहीत. आणि त्याचे फळ रस्त्यांवर व गटारांत दिसून येते.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार करणे प्राप्त आहे. १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले. सर्व लोकांचे हक्क मनापासून मान्य न करणाऱ्यांच्या सभांशी आपला मेळ बसत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ते उत्तर आजही आपल्या सभागृहांच्या दारावर लावण्याजोगे आहे. शहरातून येणाऱ्या लेखकास आपण खुर्ची देतो. गावच्या कुंभारास, शाहिरास किंवा लाकडी खेळणी रंगविणाऱ्या कारागिरास देतो काय? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांस २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आज पुष्कळ सरकारी भिंतींवर वारली चित्रे दिसतात. भिंत रंगविण्यास कारागीर चालतो, आणि त्याच भिंतीसमोर उभे राहून आपल्या कलेविषयी बोलण्यास तो चालत नाही, ही स्थिती लाजिरवाणी आहे. खुर्ची एक असावी, आणि बिदागीचा दरही एक असावा.

तात्पर्य, आमची सूचना चार कलमांची आहे. पहिले, वक्त्याचे मानधन निमंत्रणाच्या पत्रातच लिहावे. दुसरे, वक्त्याखेरीज कोणाचाही सत्कार करू नये, आणि ठरल्या वेळेपासून दहा मिनिटांच्या आत त्याने बोलावयास उभे राहावे. तिसरे, एकूण वेळेचा तिसरा हिस्सा प्रश्नांसाठी राखावा. चौथे, वर्षाच्या कार्यक्रमांत निदान एक तरी गावचा कारागीर किंवा लोककलावंत असावा. यासाठी सरकारकडे अर्ज नको, की नवी इमारत नको. आमचे पुष्कळ वाचक अशा संस्थांचे वर्गणीदार सभासद आहेत, आणि सभासदास वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडण्याचा अधिकार असतो. तो अधिकार बजावण्यास एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे आहे. येत्या सभेपूर्वी आपल्या गावात असे दोघे निघतात की नाही, एवढाच आता प्रश्न आहे.