माईक पुढे सरकवू नका

गावच्या पारावर तासभर बोलणारा आपला शेतकरी जिल्ह्याच्या बैठकीत माईक हाती आला की शेजाऱ्याकडे सरकवतो. 'तुम्हीच बोला, आम्हाला काय येतं?' मग पुढारी बोलतो, नाहीतर साहेब. आपल्या कापूस-ज्वारीचा हिशेब तेच मांडतात, त्यांच्या सोयीने.

आम्हीही चुकलो. शेतकीची पदवी घेऊन आलो आणि सभेत हेक्टर, नत्र, स्फुरद, पालाश सुरू केले. मागच्या रांगा तंबाखू मळत बसल्या. मग एक बाई उठली. वेचणीला किलोमागे काय मोजावे लागले, एवढेच तिने सांगितले. सारी सभा सावरून बसली.

गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. भाषा आपली वऱ्हाडीच. त्यांना कधी शब्दांचे अलंकार लागले नाहीत.

म्हणून एवढे करा. बियाणे, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, गाडीभाडे असा एका एकराचा खर्च कागदावर मांडा. घरी दोनदा मोठ्याने वाचा. सभेत पहिले वाक्य आपल्या शेताचे, शेवटचे मागणीचे. पाय लटपटले तर थांबा, ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून पुढे चला. आकडा स्वतःचा असला की आवाजाला बळ येते.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गावातून दोघांनी बोलायचे आहे, त्यात एक बाई हवीच. आपले दुखणे दुसऱ्याने सांगितले, तर औषधही त्याच्याच सोयीचे मिळते.