चांगदेवांचे कोरे पत्र आणि ब्लॅक मेटलमधील ज्येष्ठतेचा वाद

#म #इतिहास #थ्रेड

१/
राहाता तालुक्यातील पुणतांबा येथे गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहावयास बसला आणि मायन्यापाशीच अडला, अशी कथा आहे. 'चिरंजीव' लिहावे तर समोरचा ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावे तर वयाने लहान. अखेर कोराच कागद गेला. त्याच्या उत्तरादाखल ज्ञानदेवांनी लिहिलेल्या ६५ ओव्या म्हणजे 'चांगदेव पासष्टी'.

२/
आधीचा कोण आणि थोर कोण, हे दोन प्रश्न एकच नव्हेत, हे त्या कोऱ्या कागदाने मान्य केले. ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटलच्या रसिकांना मात्र ते आजही मान्य होत नाही. कोणत्या बँडने कोणाचे उचलले, खरा कोण आणि नकलाकार कोण, यावर मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांतही रात्र-रात्र खडाजंगी होते. हा वाद इतिहासाचा आहे. पण तो इतिहासाच्या शिस्तीने क्वचितच घातला जातो.

३/
प्रथम संज्ञा. ब्लॅक मेटल म्हणजे वेगवान ढोलवादन, एकाच सुरावर थरथरत राहणारी गिटार आणि किंकाळीसारखा गळा. ॲटमॉस्फेरिक शाखेने त्याला विस्तार दिला: दहा-पंधरा मिनिटांच्या रचना, सिंथेसायझरचे पडदे, तीच ती सुरावट पुन्हा पुन्हा. येथे गाणे पुढे सरकण्यापेक्षा अरण्य, हिवाळा, एकांत असे वातावरण उभे राहणे महत्त्वाचे.

४/
वंशावळ साधारण अशी सांगितली जाते. इंग्लंडच्या व्हेनमने १९८२ साली 'ब्लॅक मेटल' हा अल्बम काढला व पंथाला नाव मिळाले. स्वीडनच्या बाथरीने त्याला थंडी आणि भव्यता दिली. १९९०च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत मेहेम, डार्कथ्रोन, बर्झम यांनी त्याचे रूप पक्के केले. पुढे ऑस्ट्रियाचा समनिंग, युक्रेनचा द्रुद्ख, अमेरिकेचा वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम अशा शाखा फुटल्या.

५/
आता साधनचिकित्सा. बर्झमचा 'फिलोसोफेम' १९९६ साली प्रसिद्ध झाला, उल्व्हरचा 'बेर्गटाट' १९९५ साली. केवळ प्रकाशनवर्ष पाहणारा उल्व्हरला पूर्वसूरी ठरवील. परंतु 'फिलोसोफेम'चे ध्वनिमुद्रण १९९३चे आहे. म्हणजे तो 'बेर्गटाट'चे अनुकरण असूच शकत नाही. उलट, सामान्य श्रोत्याच्या हाती तो १९९६लाच आला; त्यामुळे त्याचा व्यापक प्रभाव मोजताना तेच वर्ष धरावे लागते. रचनेची तारीख आणि प्रसाराची तारीख या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बखरीचा लेखनकाळ आणि तिच्यातील घटनांचा काळ वेगळा धरणाऱ्यांना हे नवे नाही.

६/
दुसरी गल्लत: आधीचा म्हणून श्रेष्ठ. वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूमने नॉर्वेची भाषा घेतली, हे उघड आहे. पण ती वॉशिंग्टन राज्यातील पर्जन्यवनांकडे आणि पर्यावरणाच्या चिंतेकडे वळवून २००७ साली 'टू हंटर्स'सारखे काम उभे केले. ऋण मान्य केल्याने त्याची गुणवत्ता उणावत नाही.

७/
तिसरी गल्लत सर्वांत गंभीर. बर्झम म्हणजे एकच माणूस, वर्ग विकर्नेस. मेहेमचा गिटारवादक ओय्स्टीन ऑर्शेथ याचा ऑगस्ट १९९३ मध्ये खून केल्याबद्दल आणि चर्चे जाळल्याबद्दल १९९४ साली त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. २०१४ साली फ्रान्सच्या न्यायालयाने वांशिक द्वेष भडकावल्याबद्दलही त्याला दोषी ठरविले. ज्या विचारात सावळ्या श्रोत्याला माणूस म्हणून बरोबरीचे स्थान नाही, त्याचे नाव येथील तरुण छातीवर मिरवतो, तेव्हा प्रश्न केवळ अभिरुचीचा उरत नाही.

८/
यावर दोन पळवाटा आहेत. 'संगीत वेगळे, माणूस वेगळा' असे म्हणून गुन्हा झाकणे ही पहिली. त्याचे नावच वंशावळीतून खोडणे ही दुसरी. दोन्ही इतिहासाशी प्रतारणा करतात. प्रभाव नोंदवावा, गुन्हाही त्याच पानावर नोंदवावा, आणि गौरव मात्र नाकारावा. नोंद ही आरती नव्हे.

९/
प्रभावाचा प्रवाह उलटही वाहतो. झेक प्रजासत्ताकातील कल्ट ऑफ फायरने २०१३ साली आपल्या अल्बमला देवनागरीत 'मृत्यु का तापसी अनुध्यान' असे नाव दिले. देवनागरी दिसली म्हणून हुरळणे आणि परक्याने हात लावला म्हणून चिडणे, या दोन्ही प्रतिक्रिया ऐकण्याआधीच्या आहेत. भारतीय प्रतीक तेथे नुसती सजावट आहे की रचनेचा आधार, हे प्रत्यक्ष ऐकूनच ठरवावे.

१०/
हाच न्याय घरच्यांनाही लावावा. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली 'दशावतार' हा अल्बम केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गाणे. ते शुद्ध ब्लॅक मेटल नाही. त्यात डेथ मेटल आहे आणि भारतीय वाद्येही. त्याला 'पाश्चात्त्यांची नक्कल' म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी भजनातील पेटीकडे पाहावे. हार्मोनियम १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये घडली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली. तरी आज पेटीवाचून मराठी नाट्यपद डोळ्यांसमोर येत नाही. वाद्य कोठून आले याइतकेच त्याचे येथे काय झाले हेही विचारावे लागते.

११/
म्हणून पुढचा वाद पेटण्यापूर्वी तीन प्रश्न सुटे करावेत. कोणी कोणाचे कधी ऐकले? ही पुराव्याची बाब. कोणाचे काम उत्तम? ही रसिकतेची बाब. कोणाचा सन्मान करावा? ही विवेकाची बाब. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिले की वाद निकाली निघत नाही, फक्त आवाज वाढतो.

१२/
चांगदेवांच्या कथेचा शेवट अनेकदा विसरला जातो. वाघावर बसून आलेल्या त्या वयोवृद्धाने पुढे गुरू केले ते मुक्ताबाईंना, भावंडांतील सर्वांत धाकटीला. ज्येष्ठतेचा हिशेब त्याने तेथेच सोडून दिला. मेटलच्या श्रोत्यांना तो सोडणे इतके जड का जावे?