गहूच का?



जव्हार तालुक्यातल्या जामसरकडे आपल्यासारखा कापूस नाही. तिकडे माळावर नागली-वरई आणि खाचरात भात. शेती मात्र आपल्यासारखीच, पावसाच्या भरवशावरची. त्याच तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणाने पोरे दगावली. तेव्हापासून तिकडच्यांनी काय खावे हे बाहेरचे ठरवतात. रेशन दुकानाचे उत्तर ठरलेले आहे: गहू आणि तांदूळ.

गहू वाईट नाही, पण काहींना तो बाधतो. त्यातल्या ग्लुटेनने आतड्याचे अस्तर झिजते, जुलाब लागतात, रक्त कमी होते, मूल वाढत नाही. या दुखण्याला सिलियाक म्हणतात. ते घराण्यातून येते. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ हे जनुक नसेल तर ते सहसा होतच नाही. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात दहातल्या एकाला ते निघू शकते.

पण जनुक म्हणजे बियाणे. घरात बी आहे म्हणून पीक येत नाही. २०१६ साली देशातली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेवीस हजारांवर लोक तपासले होते. जनुक उत्तरेत आणि दक्षिणेत सारखेच, शंभरात छत्तीस-अडतीस जणांत. रक्तातली दुखण्याची खूण मात्र उत्तरेत शंभरात एकाहून जास्त, दक्षिणेत हजारात एक. उत्तरेतला माणूस दिवसाला ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला २५. ईशान्येत थोडा गहू खाऊनही खूण बरीच निघाली, म्हणजे गहू हे एकटेच कारण नव्हे. पण ग्लुटेनशिवाय हे दुखणे उभे राहत नाही.

जामसरला ही साथ आहे असे मी म्हणत नाही. पण मूल वाळत असेल तर डॉक्टरांनी ही शंकाही घ्यावी. नाहीतर गव्हाने आजारी पडलेल्या पोराला गव्हाचाच खुराक मिळायचा. तपासणीआधी मात्र गहू सोडू नका, रक्तातली खूण पुसली जाते. आणि गव्हावर दळलेली ज्वारी अशा रुग्णाला चालत नाही, गिरणी आधी साफ करून घ्या.

ज्वारी, बाजरी, नागली, वरई यांत हे ग्लुटेन नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य रुपया किलोने द्यायचे लिहिले होते. तुमच्या दुकानात ते कितीदा आले? सरकारने जामसरची नागली जामसरला आणि आपली ज्वारी आपल्या जिल्ह्यात, उत्पादन खर्च भरून निघेल अशा भावाने घ्यावी. ही मेहेरबानी नव्हे. पिकवणाऱ्याला भाव आणि खाणाऱ्याला त्याच्या पोटाचे धान्य, एवढीच मागणी आहे.