पूल सांभाळायला गावातलाच माणूस ठेवा, पण ‘गडी’ म्हणून नको



स्विमिंग पूलच्या व्हिडिओनंतर मला दोन प्रकारचे प्रश्न आले. एक व्हिला भाड्याने देणाऱ्यांचा: “ताई, पूलच्या मेंटेनन्सला मुंबईची एजन्सी लावू की गावातलं कोणी बघू?” दुसरा गावात राहून काहीतरी सुरू करायचं ठरवलेल्या मुलामुलींचा: “ताई, पूल साफ करण्यात खरंच बिझनेस आहे का, की ती नुसती मजुरी?”

माझं मत आधीच सांगते. पूल आणि हॉट टबसाठी गावातलाच माणूस घ्या. पण तो शिकलेला हवा, त्याच्याकडे टेस्ट किट हवं, आणि त्याला पैसे त्या हिशोबाने द्या. वॉचमनला “जरा पूलमध्ये पावडर टाक रे” सांगणं म्हणजे स्थानिक माणसाला काम देणं नव्हे.

असं का म्हणते? कारण यात माझीही एक चूक आहे.

माझं हार्डवेअरचं दुकान अलिबाग तालुक्यात आहे. बीबीए झाल्यावर बाबांच्या गल्ल्यावर बसले, तेव्हा आमचा माल म्हणजे पाइप, रंग आणि वाड्यांसाठी लागणारे पंप. 2020 मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली, मुंबईची गाडी थेट बोटीतून उतरायला लागली. हळूहळू माझ्याकडे क्लोरीन, अ‍ॅसिड, जाळी, व्हॅक्यूमचा पाइप मागणारे लोक वाढले. मीही माल भरला. विक्री होत होती, मी खूश.

एका व्हिलाचे वॉचमन काका शुक्रवारी संध्याकाळी आले. पूल हिरवा झालेला, शनिवारी पाहुणे. मालकांनी फोनवर सांगितलेलं, दोन्ही घेऊन जा. मी क्लोरीन पावडर आणि अ‍ॅसिडची बाटली एकाच पिशवीत घालून दिली. एक शब्द बोलले नाही. काकांनी पंपरूममध्ये एकाच बादलीत दोन्ही ओतलं. क्लोरीन आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पंपरूमला खिडकी नव्हती. काका खोकत बाहेर पडले म्हणून वाचले, पण ती रात्र त्यांनी ऑक्सिजनवर काढली.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर काका मलाच म्हणाले, “ताई, माझंच चुकलं.” नाही हो काका. मालकाने महिन्याचे चार पैसे वाचवले, मी माल विकला, आणि जोखीम तुमच्या अंगावर टाकली.

म्हणून हा लेख.

गावातलाच का?

पहिलं कारण वेळ. व्हिलामध्ये एक पाहुणा सकाळी 11 ला निघतो, दुसरा दुपारी 2 ला येतो. मधल्या तीन तासांत पाणी तपासायचं, कचरा काढायचा, फिल्टर बघायचा. पनवेलहून निघालेला माणूस लाँग वीकेंडला वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की तुमचे तीन तास तिथेच गेले. बाजूच्या गावातला मुलगा बाइकवर वीस मिनिटांत येतो.

दुसरं कारण, त्याला इथलं पाणी आणि हवामान माहीत असतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकल्याबरोबर पाणी तपकिरी किंवा हिरवट दिसतं. नवखा माणूस त्याला शेवाळं समजून आणखी क्लोरीन ओततो. पावसाळ्यात वाडीतली माती आणि पालापाचोळा पूलमध्ये येतो. लाइट गेली की पंप बंद, पाणी थांबलेलं. हे सगळं रोज बघणारा माणूस आदल्या दिवशीच सावध होतो.

तिसरं, त्याचं नाव गावात आहे. काम बिघडवून तो जाणार कुठे?

मग शिकलेलाच का?

कारण पूलचं काम डोळ्यांनी कमी आणि आकड्यांनी जास्त होतं. साधा हिशोब करू. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी 1.2 मीटर खोल पूल. गुणाकार केला की 38.4 घनमीटर, म्हणजे 38,400 लिटर पाणी. यात क्लोरीन 1 पीपीएमने वाढवायला शुद्ध क्लोरीन लागतं 38 ग्रॅमच्या आसपास. तुमची पावडर 65 टक्क्यांची असेल तर साधारण 60 ग्रॅम. तीच 33 टक्क्यांची असेल तर जवळजवळ दुप्पट. आता सांगा, “दोन मग टाक” या हिशोबाला काय अर्थ राहिला?

पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8 मध्ये हवा. तो चढला की टाकलेलं क्लोरीन नीट काम करत नाही. पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः! आणि “क्लोरीनचा वास आला म्हणजे पूल स्वच्छ” हा गैरसमज काढून टाका. तो उग्र वास घाम-लघवीशी संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो. वास मारतोय म्हणजे पाणी तपासायची वेळ झाली.

हॉट टबचं गणित याहून कडक. लोक सरसकट जकुझी म्हणतात, ते खरं तर एका कंपनीचं नाव. समजा टबमध्ये 1,500 लिटर पाणी आहे आणि चार जण बसले. माणशी 375 लिटर पाणी आलं. याच प्रमाणात तुमच्या 38,400 लिटरच्या पूलमध्ये शंभर माणसं उतरली पाहिजेत! त्यात पाणी गरम आणि वर हवेचे फवारे, त्यामुळे क्लोरीन पटापट संपतं आणि पीएच चढत राहतो. पूलमध्ये क्लोरीन किमान 1 पीपीएम लागतं (स्टॅबिलायझर वापरत असाल तर 2), हॉट टबमध्ये किमान 3. तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर नको. दुर्लक्ष झालं तर पाहुण्यांच्या अंगावर पुरळ उठते, आणि लिजिओनेला नावाच्या जंतूने फुप्फुसांचा गंभीर आजारही होऊ शकतो. खराब रिव्ह्यू ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट.

व्हिलावाल्यांनो, ठेवण्याआधी हे विचारा

1. माझ्या पूलमध्ये पाणी किती लिटर? (माप न घेता सांगितलं तर सावध व्हा.)
2. पाणी कशाने तपासता आणि कुठे लिहिता?
3. बॅकवॉश कधी करता? “दर रविवारी” हे अर्धवट उत्तर. फिल्टर स्वच्छ असताना गेजवर जे प्रेशर होतं, त्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय वाढलं की करायचा.
4. तळाच्या आउटलेटची जाळी तुटली तर काय कराल? एकच उत्तर बरोबर: पंप बंद, पूल बंद, जाळी बसेपर्यंत कोणी पाण्यात उतरणार नाही. त्या ओढीत केस किंवा हात अडकून माणूस बुडू शकतो.
5. कोणतं काम तुम्ही करत नाही? पंपाचं वायरिंग, अर्थिंग, ईएलसीबी हे इलेक्ट्रिशियनचं काम. “मी सगळं करतो” म्हणणाऱ्यापेक्षा “हे माझं काम नाही” म्हणणारा जास्त भरवशाचा.

आता मुलांनो, तुमच्याशी बोलते

हा बिझनेस आहे. पण “पूल साफ करून मिळेल” असा बोर्ड लावलात तर मजुरीचाच भाव मिळेल. तुम्ही विकताय ती रोजच्या पाण्याची जबाबदारी. ती दिसणार कशी? रजिस्टरमध्ये. तारीख, वेळ, पीएच, क्लोरीन, काय टाकलं, किती ग्रॅम, सही. त्या पानाचा फोटो प्रत्येक व्हिजिटनंतर मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर. मुंबईत बसलेल्या मालकाला हेच हवं असतं.

रेट कसा काढायचा? समजा आठवड्याला तीन व्हिजिट, म्हणजे महिन्याला 13. जाऊन-येऊन सव्वा तास. 6,000 रुपये घेतले तर एका व्हिजिटचे 460 रुपये आले. त्यातून पेट्रोल, टेस्टिंगचं सामान, हातमोजे, मास्क वजा करा. केमिकलचं बिल वेगळं. समोरचा म्हणाला “तीन हजारात कर”, तर व्हिजिटला 230 झाले. त्यात तुम्ही घाईघाईत याल, तपासणी टाळाल आणि एक दिवस काकांसारखी बादली भराल. माझा आकडा उदाहरणापुरता आहे, तुमच्या भागाचा तुम्ही काढा. पण काढा!

कंत्राट बारा महिन्यांचं करा. “पावसाळ्यात पाहुणे नाहीत” असं मालक म्हणेल. त्याला सांगा, शेवाळ्याला पाहुणे लागत नाहीत.

“पण एजन्सीकडे बदली माणूस असतो”

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो मान्य करते. गावातला एकटा मुलगा आजारी पडला किंवा गणपतीत घरी अडकला तर? म्हणून एकट्याने उतरू नका. दोघांनी मिळून सुरू करा, दोघांनाही सगळे पूल माहीत हवेत. मोठं काम निघालं, पूल गळतोय, हीटर बदलायचाय, तर बाहेरचा तज्ज्ञ जरूर बोलवा. त्याला काय झालंय हे रजिस्टर दाखवून सांगणारा माणूस मात्र रोजचा हवा, आणि तो जवळचाच असू शकतो.

आणि मालकांनो, स्वस्त म्हणून स्थानिक माणूस ठेवू नका. स्वस्तात ठेवलेल्या माणसाची चूक झाली की “गावातली माणसं अशीच” म्हणायला आपण मोकळे होतो. शिकवायचे पैसे आपण दिलेलेच नसतात.

माझ्या दुकानात आता क्लोरीन आणि अ‍ॅसिड एका पिशवीत जात नाही. कोणी घाई केली तरी काउंटरवर तीन गोष्टी सांगते: दोन्ही कधीच एकत्र करायचं नाही, वेगवेगळ्या क्लोरीनच्या गोळ्या-पावडरीसुद्धा एकमेकांत मिसळायच्या नाहीत, आणि केमिकल नेहमी पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी नाही. काही गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या घरापासून 5 किलोमीटरमध्ये पूल किंवा हॉट टब असलेल्या जागा किती, ते वहीत लिहा. प्रत्येकापुढे लिहा, आज तिथलं पाणी कोण बघतो. “वॉचमन” असं जिथे जिथे लिहाल, तिथे एका माणसाला तुमच्या शिकण्याची गरज आहे.

काका बरे आहेत. गेटवर असतात. पूलकडे आता गावातली दोन मुलं बघतात, आणि पंपरूमला खिडकी झाली आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात.