हिरडीवरही बॅटरी मारा

वडगाव निंबाळकर, सोमेश्वरनगर हा बारामती तालुक्यातला नीरा डाव्या कालव्याचा बागायती पट्टा. इथल्या अनेक घरांत अजून तव्यावर काळी होईस्तोवर तंबाखू भाजतात, कुटून तिची मशेरी करतात आणि सकाळी ती बोटाने हिरड्यांवर फिरते. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," ही सबब ठरलेली. दाढ सुजली की मेडिकलमधून गोळ्या आणायच्या. ठणका थांबला की विषय संपला.

विषय संपत नाही. सुजलेल्या हिरडीतले जंतू घास चावताना, दात घासतानाही रक्तात उतरतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूचे अंश तर हृदयरोग्यांच्या धमन्यांत साचलेल्या थरातही सापडले आहेत. हा थर म्हणजे नुसती चरबी नव्हे. धमनीच्या भिंतीत शिरलेले कोलेस्टेरॉल गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, गिळून फुगतात, तिथेच अडकतात आणि दाह धुमसत ठेवतात. जंतूंचा मारा चालू राहिला तर त्या आणखी चवताळतात, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले. थरावरचे आवरण फाटले की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो.

मग प्रतिजैविके द्या की! १९८८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूचा हृदयविकाराशी संबंध दाखवला, तेव्हा हाच विचार पुढे आला. पुढे अमेरिकेत चार हजारांवर हृदयरुग्णांची चाचणी झाली; निम्म्यांना वर्षभर ॲझिथ्रोमायसिन दिले. २००५ चा निकाल: काडीचाही फायदा नाही. २०१७ च्या कँटॉस चाचणीत मात्र कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसता दाह शमवणाऱ्या औषधाने झटके घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले.

हिरड्यांवर उपचार केल्याने झटका टळतो, हे अजून सिद्ध झालेले नाही. तसे सांगून कोणी पैसे उकळत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे. पण तंबाखू हिरडी आणि धमनी दोन्ही पोखरते, मधुमेहात हिरड्या लवकर सडतात, आणि सडक्या हिरड्यांनी साखरही चढते. एवढे पुरे नाही का?

तिशीपुढच्यांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाचा कर्करोग तपासण्याची सरकारी योजना आहेच. त्यासाठी तोंड उघडायला लावतातच. तेव्हा हिरडीतून रक्त येते का, दात हलतो का, मशेरी लावता का, हेही विचारावे, कागदावर लिहावे आणि गरज असेल त्याला दंतवैद्याकडे चिठ्ठी द्यावी. आरोग्य खात्याने ही भर बारामती तालुक्यापासून घालावी.