टाका सेलला नको, पट्टीला

प्रवेशांचा हंगाम सुरू झाला की अमरावती-अकोल्याच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते. लॅपटॉप चालू होतो, पण तारीख भलतीच दाखवतो. कुणाचा 2009 मध्ये अडकलेला, कुणाचा 2015 मध्ये. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसावे तर ब्राउझर संकेतस्थळच उघडू देत नाही; त्या संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत या लॅपटॉपच्या लेखी अजून सुरूच झालेली नसते. सेतू केंद्रात डिजिटल सहीही अशीच अडते. दोष इंटरनेटचा नसतो, विंडोजचाही नसतो. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. आपल्याकडच्या मेकॅनिकांना हे निदान दोन मिनिटांत जमते, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आक्षेप आहे तो त्यापुढच्या पाच मिनिटांना.

हा सेल म्हणजे बहुतेक वेळा सीआर 2032. आकड्यांत त्याचे माप लिहिलेले आहे: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. आत लिथियम धातू आणि मँगनीज डायऑक्साइड, दाब 3 व्होल्ट, साठा सुमारे 220 मिलिअँपिअर-तास. लॅपटॉप बंद असताना आतले छोटे घड्याळ चालू ठेवणे एवढेच त्याचे काम. 1984 च्या आयबीएम पीसी-एटीपासून बॅटरीवर चालणारे घड्याळ संगणकाच्या पोटात आहे. टेबलावरच्या संगणकात त्याच्या सेलसाठी खाच असते. जुना काढा, नवा बसवा, झाले. लॅपटॉपात जागा वाचवायची म्हणून अनेक कंपन्यांनी खाच काढली. सेलला दोन पट्ट्या, पट्ट्यांना लाल-काळी वायर, वायरीच्या टोकाला दोन टाचण्यांचा इवलासा प्लग आणि सगळ्यावर प्लास्टिकची गुंडाळी असा जोड तिथे आला. हा प्लगही एकसारखा नाही. कुठे तो लहान, कुठे मोठा. कुठे लाल वायर डावीकडे, कुठे उजवीकडे.

नेमक्या मापाचा वायरवाला सेल जयस्तंभ चौकात मिळत नाही, अकोल्याच्या टॉवर चौकातही मिळेलच असे नाही. मागवला तर येईपर्यंत चार-आठ दिवस जातात. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात 75 किलोमीटर डांबरीकरण जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत उरकून गिनेस विक्रम झाला. रस्ता विक्रमी वेगाने तयार आहे, त्यावरून यायचा सेल मात्र आपल्या चालीने येतो. गिऱ्हाइकाला तर अर्ज आजच भरायचा असतो. मग मेकॅनिक साधा सेल घेतो, कानस मारून त्याचा पृष्ठभाग खरबरीत करतो, जुनी वायर टेकवतो आणि सोल्डरिंग आयर्न थेट सेलवर ठेवतो. कुणी हटकलेच तर उत्तर ठरलेले: ‘‘काई नाई होत भाऊ, दोन सेकंदाचं काम हाये.’’

दोन सेकंदांत ते होत नाही, हीच अडचण आहे. सेलचे कवच पोलादाचे. त्यावर सोल्डर सहजी बसत नाही आणि कवच उष्णता आत ओढून घेते, म्हणून आयर्न जास्त वेळ दाबून ठेवावे लागते. आयर्नचे टोक तापते 300 अंशांच्या वर. कथील-शिशाचे नेहमीचे सोल्डर वितळते 183 अंशांना. आतले लिथियम वितळते साधारण 180 अंशांना, आणि कवचाचे दोन भाग एकमेकांपासून वेगळे ठेवणारी प्लास्टिकची कड त्याहूनही आधी, 160 अंशांच्या आसपास, मऊ पडते. म्हणजे सोल्डर नीट बसेल एवढे तापवले, तर सेलची कड दुखावण्याइतकेही तापलेलेच असते. सेल बनवणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात थेट सोल्डर करू नका असे बजावतात, ते उगाच नव्हे.

यातून स्फोट होतोच असे नाही. क्वचित सेल फुटतो, आणि तो फुटतो तेव्हा मेकॅनिकचे डोळे त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतात. पण नेहमीचे नुकसान गुपचूप होते. टाका मारल्यावर मीटर लावला की तो ऐटीत 3 व्होल्ट दाखवतो. भार नसताना मीटर तेवढेच सांगू शकतो. आत किती जीव उरला हे त्याला कळत नाही. पाच-सहा वर्षे चालायचा सेल सहा महिन्यांत बसतो, गिऱ्हाईक परत येते आणि खापर फुटते ‘डुप्लिकेट मालावर’. कड सैल झाली असेल तर आतला द्रव हळूहळू बाहेर येतो आणि मदरबोर्डवर उतरतो. पन्नास रुपयांच्या कामातून काही हजारांचे दुखणे उभे राहते ते असे.

‘‘आम्ही वर्षानुवर्षे असेच करत आलो, काही झाले नाही’’ हा युक्तिवाद सरसकट खोटा नाही. हात चपळ असेल तर काही सेल तगतातही. पण वऱ्हाडात त्यांची परीक्षा कठीण असते. इथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांना टेकतो, आणि टिनपत्र्याखालच्या खोलीत बंद बॅगेतला लॅपटॉप त्याहून तापतो. शाबूत सेल 60 अंशांपर्यंत सोसतो. कड दुखावलेल्याने ते सोसावे ही अपेक्षाच चुकीची. दुसरे असे की, आपल्याकडे वापरलेले लॅपटॉप पुष्कळ विकले जातात. त्यांची मुख्य बॅटरी अनेकदा मेलेली असते आणि ते फक्त चार्जर लावून चालतात. चार्जर निघाला किंवा वीज गेली की घड्याळाचा सगळा भार या छोट्या सेलवर येतो. घड्याळ ओढते अवघे दोन-तीन मायक्रोअँपिअर. त्या हिशेबाने 220 मिलिअँपिअर-तासांचा धडधाकट सेल एकट्याने आठ वर्षे काढेल. भाजलेल्या सेलला हा हिशेब लागू नाही.

योग्य पद्धत अवघड नाही, महागही नाही. निकेलच्या पट्ट्या कारखान्यातच जोडून आलेले सीआर 2032 मिळतात. साध्या सेलपेक्षा थोडे महाग, एवढेच. टाका द्यायचा तो पट्टीच्या टोकाला, सेलपासून दूर. सेलची रुंद बाजू आणि तिचा धातूचा काठ धन, छोटी बाजू ऋण. वायरीच्या रंगावर विसंबायचे नाही. प्लग लावण्याआधी मीटरने दिशा तपासायची आणि जुन्या सेलशी ताडून पाहायची. मग गुंडाळी चढवायची, म्हणजे उघडी पट्टी बोर्डाला टेकणार नाही. पट्टीवाला सेल नसेल तर स्पॉट वेल्डर आहे. तो काही मिलिसेकंद जबर प्रवाह सोडून पट्टी सेलला चिकटवतो. उष्णता त्या ठिपक्यापुरती राहते, आतपर्यंत पोचायला तिला सवडच मिळत नाही. छोटा वेल्डर काही हजार रुपयांत येतो. फवारणी पंपांचे आणि इलेक्ट्रिक दुचाकींचे लिथियम पॅक बांधणारे तर रोज हेच यंत्र वापरतात. चार दुकाने पलीकडे जाऊन पट्टी मारून आणण्यात कमीपणा कसला?

आणखी एक पथ्य. काही लॅपटॉपांत सेलवर सीआर नव्हे, एमएल किंवा व्हीएल ही अक्षरे असतात. तो पुन्हा चार्ज होणारा सेल आहे आणि लॅपटॉप त्याला चार्ज करत असतो. त्या जागी सीआर बसवला तर चार्जिंग न सोसणाऱ्या लिथियमला जबरदस्तीने चार्ज करण्याचा प्रकार होतो. अक्षरे वाचायला चष्मा लागला तरी लावावा.

दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. मिलिमीटरभर जाडी वाचवण्यासाठी खाच काढणारी आणि प्रत्येक मॉडेलला वेगळा प्लग देणारी कंपनी या खेळात पहिली दोषी आहे. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. पण पोर्टलने अकोल्यातल्या टेबलावर प्लग येत नाही. युरोपीय संघाने 2023 च्या बॅटरी नियमात, 18 फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता-घालता याव्यात अशी अट घातली आहे. आपल्याकडे सक्ती हवी ती अशीच: सेलला खाच द्या, नाहीतर सगळ्यांचा प्लग एक करा.

ती येईल तेव्हा येईल. तोवर जे आपल्या हातात आहे ते गावातच होऊ शकते. अमरावतीत 1964 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय आहेत. त्यांच्या कार्यशाळेत एक स्पॉट वेल्डर ठेवून महिन्यातली एक दुपार शहरातल्या मेकॅनिकांसाठी खुली करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागू नये. दुकानदारांच्या संघटनेने पट्टीवाले सेल एकत्र मागवले तर आठ दिवसांचा खोळंबाही संपेल.

काढलेल्या सेलचेही पाहायला हवे. 2022 चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम या नाण्याएवढ्या सेललाही लागू आहेत, पण तो जातो कचऱ्याच्या टोपलीत किंवा टेबलाखाली. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ‘संपलेला’ सेलसुद्धा दोन तासांत आतून गंभीर भाजतो. अशाच एका बालमृत्यूनंतर अमेरिकेने 2022 मध्ये या सेलांसाठी स्वतंत्र कायदा केला. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी आणि झाकणाची बरणी एवढी सोय प्रत्येक टेबलावर परवडण्यासारखी आहे.

राहता राहिले गिऱ्हाईक. स्वस्तात आणि आत्ताच्या आत्ता हवे, हा आग्रह त्याचाच असतो आणि कानस-आयर्नची घाई त्यातूनच येते. यापुढे दुकानात लॅपटॉप ठेवताना त्याने एवढेच विचारावे: सेल पट्टीवाला लावणार ना? आणि त्याचे वीस-तीस रुपये जास्त देईन, हेही तिथेच सांगावे. त्यानंतरही कुणी आयर्न थेट सेलवर टेकवलेच, तर लॅपटॉप उचलून शेजारच्या दुकानात न्यावा.