अनुकार आणि स्वतःचा गळा

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून, दरबारच्या हिशेबखात्याशी संबंध असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्याच्या सात अध्यायांपैकी तिसऱ्या, ‘प्रकीर्णक’ नावाच्या अध्यायात गायकाची जी चिकित्सा केली, ती आज गाणाऱ्यांनी आणि विशेषतः शिकवणाऱ्यांनी पुन्हा उघडून पाहण्याजोगी आहे. गायक कोणाला म्हणावे याचे एकच एक उत्तर तो देत नाही. तो पाच प्रकार सांगतो. जो काहीही उणे न ठेवता शिकवू शकतो तो शिक्षाकार, जो दुसऱ्याच्या गाण्याची धाटणी हुबेहूब उचलतो तो अनुकार, जो स्वतः रसात बुडून गातो तो रसिक, जो ऐकणाऱ्याला रिझवतो तो रंजक आणि जो गीताला त्याच्या मूळ मापापेक्षा मोठे करतो तो भावक. आजच्या व्यवहारात ‘गायक’ हा शब्द जवळजवळ केवळ रंजकासाठी वापरला जातो, आणि मैफलीची बिदागी, ध्वनिफिती, सत्कार ही सगळी मापेही त्या एकाच प्रकाराची असतात. शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्याला ‘गाणे सोडले’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. शार्ङ्गदेवाच्या यादीत मात्र त्याचे नाव पहिले आहे.

याच अध्यायातील दोषांची यादी अधिक रंजक आहे. दात आवळून गाणारा संदष्ट, तोंड भयंकर वासणारा कराली, मान वाकडी करणारा वक्री, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी, कपाळाच्या आणि गळ्याच्या शिरा ताणणारा झोंबक, घाबरत गाणारा भीत असे पंचवीस दोषी गायक तेथे भेटतात, आणि त्यांत डोळे मिटून गाणारा निमीलकही आहे, ज्याला आजचा श्रोता तल्लीनतेचे प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. या नावांकडे गंमत म्हणून पाहता येईल, पण त्यांतली बरीचशी शरीराविषयी आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. ग्रंथकाराच्या मते काही गुण कमी असले तरी जो निर्दोष आहे तो मध्यम गायक ठरतो, आणि ज्याच्यात दोष आहे तो मात्र अधम. म्हणजे गळ्यावर जोर देऊन मिळवलेल्या एखाद्या तानेपेक्षा शिरा न ताणता लावलेला साधा षड्ज त्याला अधिक मोलाचा वाटतो. रियाजाच्या खोलीत हा निकष उलटा झालेला अनेकदा दिसतो.

प्रस्तुत विवेचनाचा खरा विषय अनुकार हा आहे. नक्कल हा शब्द आपल्याकडे हिणवण्यासाठी वापरला जातो, परंतु अनुकाराशिवाय कोणतेही घराणे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचलेले नाही. गुरूने म्हणून दाखवायचे आणि शिष्याने ते तसेच म्हणायचे, ही तालमीची पद्धत मुळात अनुकाराचीच आहे. प्रश्न इतकाच असतो की शिष्य गुरूचे नेमके काय उचलतो.

जयपूर-अत्रौली घराण्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) हे धृपद-धमार गाणाऱ्यांच्या घरातले. तरुणपणी सतत गावे लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला आणि तो पूर्वीसारखा परत आलाच नाही, असे परंपरा सांगते. उरलेल्या आवाजातून त्यांनी लयीच्या अंगाने गुंफलेली, वक्र फिरतीची आणि अनवट रागांकडे ओढ असलेली गायकी उभी केली, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने ती महाराष्ट्रात रुजली. त्यांच्या शिष्यांनी त्या आवाजाची नक्कल केली असती तर घराणे एका पिढीत संपले असते. गोव्याहून आलेल्या केसरबाई केरकरांनी (१८९२-१९७७) तीच गायकी भरदार, मोकळ्या आकारात ओतली, मोगूबाई कुर्डीकरांनी (१९०४-२००१) ती लयीच्या काटेकोर शिस्तीत मांडली, आणि खाँसाहेबांच्या मुलांकडून, म्हणजे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून, शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या गळ्यात ती पुन्हा वेगळीच ऐकू येते. तिघांचे गाणे एका घराण्याचे आहे हे ओळखायला जाणकाराला क्षण लागत नाही, आणि तिघांचे आवाज एकमेकांसारखे नाहीत. गायकी म्हणजे राग मांडण्याची रीत आणि गळा म्हणजे ती रीत ज्यातून वाहते ते साधन. पहिली गोष्ट उचलता येते, दुसरी उचलू नये.

भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांनी तीन वेगवेगळ्या परंपरांच्या उस्तादांची तालीम घेतली आणि १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व हे दोघेही त्यांचे शिष्य, आणि या दोघांच्या गाण्यात इतके अंतर आहे की एकाच गुरूने ते घडवले हे सांगितल्याशिवाय कळू नये. शिक्षाकार या शब्दाला याहून चांगले भाष्य मिळणे कठीण आहे. कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून मोठ्या गवयांचे गाणे जसेच्या तसे गात आणि त्या कौतुकावरच त्यांची कीर्ती झाली होती; पुढे क्षयाने काही वर्षे गाणे थांबल्यावर देवासला त्यांनी माळव्याच्या लोकधुना ऐकल्या आणि कमी दमाला साजेशी, तुटक पण धारदार वाक्ये घेऊन ते परतले. भावक होण्याआधी ते अनुकारच होते.

ध्वनिमुद्रणाच्या आजच्या मुबलकतेने या वाटेत एक अडचण निर्माण केली आहे. समोर बसलेला गुरू शिष्याचा गळा ऐकून एखादी जागा बदलून देतो, ‘हे तू असे घे’ म्हणतो. ध्वनिमुद्रण सर्वांना सारखेच ऐकू येते. परिणामी विशीतल्या मुलांच्या गाण्यात सत्तरीच्या बुवांचा श्वास, त्यांचा घोगरेपणा, खोकून घेतलेली उसंतही येऊ लागली आहे, आणि ती ‘घराण्याची’ म्हणून स्वीकारली जाते. पट्टीची म्हणजे आधारस्वराच्या उंचीची गोष्ट याहून गंभीर आहे. पुरुष गुरू आपल्या पट्टीत शिकवतो आणि मुलीला एकतर खर्जात कुजबुजावे लागते किंवा तारसप्तकात ताणावे लागते. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला काल जी पट्टी होती तीच आज सांभाळायला सांगितली जाते. शार्ङ्गदेवाचा झोंबक अशाच खोल्यांत तयार होतो.

गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतील परीक्षांनी, १९०१ साली लाहोरला पलुसकरांनी सुरू केलेल्या कामाच्या पुढच्या विस्तारात, रागज्ञान आणि तालज्ञान तपासण्याची चांगली व्यवस्था लावली. मात्र विद्यार्थ्याची पट्टी त्याच्या गळ्याला योग्य आहे की नाही, हे कोणतीही गुणपत्रिका सांगत नाही. हे काम वर्गात बसलेल्या शिक्षकालाच करावे लागते, आणि त्याची सुरुवात पहिल्या दिवशी पेटीचा सूर धरण्याआधी, विद्यार्थ्याला त्याच्या सोयीने षड्ज लावू देण्यापासून होऊ शकते.